बालमनाचे ठेकेदार

आमच्या सरांना लहान मुलं चालत नसत. काही लोकांना मांजर चालत नाही, ते मांजर दिसलं की पाय वर घेतात. तसे सर मूल दिसलं की पाय वर घेत. आणि तरी ते बालमानसतज्ज्ञ होते. साधेसुधे नव्हे, राज्यातले पहिले. समता कॉलोनीत एका दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, त्यांचं क्लिनिक होतं, आणि जिन्याच्या तोंडाशी बोर्ड होता: 'छत्तीसगढ़ राज्य के प्रथम बाल मनोवैज्ञानिक'.

प्रथम होणं तेव्हा सोपं होतं. नवं राज्य झालं आणि रायपूरच्या अंगात एकाएकी राजधानी आली. काल जिथे मलमपट्टी होत होती त्या दवाखान्यात मंत्रालय बसलं. ज्याच्याकडे स्कूटर होती तो तिच्यावर लाल बत्ती कुठे बसेल ते चाचपू लागला. आमच्या गल्लीतला भजीवाला रातोरात 'राज्यस्तरीय' झाला. भजी तीच, तेलही बहुतेक तेच. पेंटर लोक दुकानांच्या पाट्यांवरचं 'म.प्र.' खोडत गावभर फिरत होते, त्यातल्याच एकाला सरांनी भररस्त्यात थांबवलं आणि शिडीसकट घरी नेलं. काही लोक म्हणतात की राज्य जाहीर व्हायच्या आधीच सरांचा बोर्ड वाळून तयार होता, आणि दिल्लीवाल्यांनी तो पाहिला म्हणूनच राज्य दिलं. मी एवढं म्हणणार नाही. पण बोर्ड चांगला वाळलेला होता हे खरं.

सर रायपूरच्या जुन्या ब्राह्मणपाऱ्यातले. त्यांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, असं ते दर दोन वाक्यांनंतर सांगत. फौजेत पूर्वज काय करत होते ते सांगत नसत. घोड्यांची मनं वाचत असावेत. सर स्वतः दोन वर्षं पुण्यात राहून शिकून आले आणि येताना पदवीपेक्षा जास्त मराठी घेऊन आले. अशी मराठी, की तिला इस्त्री केल्याशिवाय ते तोंडाबाहेर काढत नसत. "आपण बसावं", "आपण पाणी घेणार का", "आपल्या पाल्याने माझ्या बुटावर पाय दिला आहे". आमची नागपुरी वळणाची बोली कानावर पडली की त्यांचा चेहरा असा व्हायचा जणू कोणी आमटीत बूट बुडवला. समोरचा माणूस 'मले', 'तुले', 'काहून' म्हणाला, की सर सरळ हिंदीवर येत. "निदान ती एक भाषा तरी आहे," असं मला बाजूला घेऊन सांगत.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. होऊन घरी बसले होते. घरी बसलेल्या पोरीचं लग्न करतात, म्हणून ते ठरायच्या आत मी सरांकडे मदतनीस म्हणून जाऊन बसले. मला मुलांसोबत काम करायचं होतं. बाबा म्हणाले, "मुलांसोबत काम करासाठी शिकाले कायले लागते? तुह्या मायनं बिना शिकल्यानंच केलं ना." पण मला शिकायचं होतं, आणि शिकायला अख्ख्या शहरात एकच जिना होता.

त्या जिन्यावरही गंमत होती. खालच्या मजल्यावर दातांचं मशीन घूं-घूं करत असायचं आणि एखादं पोरगं जीव तोडून ओरडत असायचं. वर येणारं प्रत्येक मूल ते ऐकत ऐकत एकेक पायरी चढायचं. वर पोचेपर्यंत अर्धी मुलं मुकी झालेली असत. सर त्यांच्याकडे चष्म्यावरून बघत आणि मला सांगत, "लिहा. कमालीचं अंतर्मुख." तो जिना नसता तर त्या शहरात अंतर्मुखता इतकी पसरली नसती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आत खेळण्यांचं कपाट होतं. तसं कपाट मी त्यानंतर कुठे पाहिलं नाही, कुठल्या संग्रहालयातसुद्धा नाही. काचेचं, कुलूपबंद, आणि किल्ली सरांच्या जानव्याला. आतली खेळणी दुकानातून आली त्याच प्लास्टिकमध्ये होती. बाहुलीचा श्वास त्यात कोंडला असावा, कारण ती निळी पडत चालली होती. मुलाने काचेतून बघायचं आणि कोणतं खेळणं खेळावंसं वाटतं ते सांगायचं. त्यावरून सर त्याचं मन ओळखत. खेळायचं मात्र नाही. "खेळलं की इच्छा संपते," ते म्हणत, "आणि इच्छा संपली की आपण तपासणार काय?"

भनपुरीचा एक हिंदीत मुरलेला मराठी ट्रान्सपोर्टवाला आपल्या पोट्ट्याला घेऊन आला होता. माणूस एवढा थोरला की जिन्यात अडकतो की काय असं वाटलं. पोरगं मात्र मुठीएवढं. सरांनी त्याला कपाटासमोर उभं केलं. "काय खेळावंसं वाटतं?"

"ट्रक."

"छान. का बरं ट्रक?"

"खोलो ना, अंकल."

"खेळायचं नसतं, बाळ. सांगायचं असतं."

बाळाने सरांकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, आणि सरांच्या हाताला चावलं. चावलं म्हणजे नुसतं नाही, मुक्काम केला. सर टेबलावर चढले, पोरगं हाताला लटकून त्यांच्याबरोबर चढलं, आणि मी शपथेवर सांगते, वरच्या पंख्याने दोघांनाही वारा घालणं थांबवून बघायला सुरुवात केली. लाइट गेली होती असं सर नंतर म्हणत, पण मी पंख्याचा चेहरा पाहिला होता. वडिलांनी पोराला सोडवलं आणि शांतपणे सांगितलं, "घर में सबको काटता है, सर. हम सोचते थे बाहर वालों को नहीं काटता होगा. फरक नहीं करता. अच्छा बच्चा है." आणि समाधानाने गेले. सर मला म्हणाले, "लिहा. दंतप्रधान आक्रमकता." पुढे कित्येक महिने ते पाहुण्यांना मनगट दाखवत, जसं रिटायर सुभेदार गोळीची खूण दाखवतो.

तरी लोक त्यांना मानत. व्याख्यानांना बोलावत. गणपतीत मंडळाने 'बालकांना समजून घेताना' असं भाषण ठेवलं. मांडवात बायका, म्हातारे, पोरंटोरं. सर उभे राहिले, पाणी प्याले, म्हणाले, "बालक म्हणजे फूल." तेवढ्यात पुढच्या रांगेत एक तान्हं मूल रडायला लागलं. सर थांबले. मूल थांबेना. शेवटी सर माइकमधून म्हणाले, "हे मूल कृपया बाहेर न्यावं. इथे विषय बालकांचा चालू आहे." मांडव हसला, सरांना वाटलं आपला विनोद रंगला. विनोद केला कधी हे मात्र त्यांच्या शेवटपर्यंत लक्षात आलं नाही.

कॉलेजच्या मुली त्यांच्याकडे विचारायला येत. तेव्हा 'करिअर' हा शब्द नुकताच गावात उतरला होता आणि जो तो त्याला घरी जेवायला बोलवत होता. "सर, चाइल्ड सायकॉलॉजीत स्कोप आहे का?"

"स्कोप अमर्याद आहे," सर सांगत. "विषय खोल आहे, समाजात मान आहे, राजधानी वाढते आहे. अडचण एकच."

"कोणती, सर?"

"मुलं."

मुलींना वाटायचं ते थट्टा करत आहेत. मी कोपऱ्यात बसून मान खाली घालायची.

आता त्यांच्या शोधाबद्दल. प्रत्येक थोर माणसाचा एक शोध असतो, तसा सरांचा होता 'भाषापलायन'. हे नाव त्यांनीच ठेवलं, बारसं त्यांनीच केलं, आणि पेढेही बहुधा त्यांनीच खाल्ले. रायपूरच्या मराठी घरांत कसं असतं ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "जेवाले ये रे." पोरगं बाहेरून ओरडतं, "आ रहा हूँ, मम्मी." बाप म्हणतो, "अभ्यास झाला का?" पोरगी म्हणते, "हव, हो गया." विचारणारा मराठीत विचारतो, सांगणारा हिंदीत सांगतो, मधे 'हव'चा, म्हणजे 'हो'चा, छत्तीसगढी फोडणीचा दाणा पडतो, आणि कुणाचंही काही अडत नाही. वर्षानुवर्षं चाललं आहे. माझी मावसबहीण तर मराठीत भांडते आणि हिंदीत रुसते.

सरांनी यात रोग पाहिला. त्यांचं म्हणणं असं, की प्रश्न ज्या भाषेत, उत्तर त्या भाषेत. मुलाने दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं, तर ते मूल प्रश्नातून पळालं. मन तिथून निसटलं. म्हणून अशा उत्तराला शून्य. बरोबर असलं तरी शून्य. आणि सर मराठी घरातल्या मुलांच्या सगळ्या चाचण्या मराठीत घेत, आपल्या त्या कडक इस्त्रीच्या मराठीत. म्हणजे शहरातलं झाडून सगळं मराठी बालक सरांच्या हिशेबाने आजारी होतं. एवढा मोठा साथीचा रोग आणि एकच वैद्य. माणसाला आनंद होणारच.

मी एकदा म्हटलं, "सर, पण उत्तर तर बरोबर आहे ना."

"उत्तर बरोबर आहे, पण ते चुकीच्या दारातून बाहेर पडलं," सर म्हणाले. "चोरही घरातूनच बाहेर पडतो."

त्यांच्याकडे नेहमी उपमा असे. उपमेपुढे शास्त्राचं काय चालतं.

आणि मग राऊत आले. राऊत रेल्वेत क्लार्क, मूळचे वर्ध्याकडचे. बरोबर बायको आणि मुलगी सोनल, पहिलीतली. दोन वेण्या, एका वेणीची रिबन सुटलेली, आणि ती सुटलेली रिबन ती स्वतःच दातात धरून बांधत होती. नव्या निघालेल्या एका इंग्रजी शाळेत तिला घातलं होतं. ती वर्गात बोलत नाही, अशी बाईंची तक्रार होती. तज्ज्ञाने ठीक म्हटलं तरच दुसरीत घेऊ, असं शाळेने सांगून टाकलं होतं. त्या शाळेत मी एकदा गेले होते. एका वर्गात एवढी मुलं कोंबलेली की बोलायला तोंड उघडावं तर शेजाऱ्याचं कोपर तोंडात जाईल.

सर आत तयार होत होते. मुलं येण्याआधी ते पायांपुढे एक उशी ठेवत, बुटावर कोणी पाय देऊ नये म्हणून. तेवढ्यात बाहेरच्या बाकावर राऊतांच्या बायकोने मला हळूच विचारलं, "दीदी, सर कडक आहेत का जी?"

"कडक नाहीत," मी म्हटलं. मी खोटं बोलले असं नाही. कडक वस्तूला आत काहीतरी असावं लागतं.

"हे म्हणून राहिले," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "का सरनं कमी सांगतलं तर पोरीले वर्ध्याले मोठ्या भासऱ्याकडं, यायच्या भावाकडं ठेवाची. तिथं मराठी शाळा हाय. मले एकच पोरगी हाय, दीदी."

राऊत म्हणाले, "मी का हौसेनं पाठवून राहिलो का? मोठे डॉक्टर हाएत ते. ते जे सांगतीन ते करू." भला माणूस होता. शिकलेल्या माणसाचं नाव काढलं की हात आपोआप जोडणारा. असल्या हातांवरच सरांसारख्यांची दुकानं चालतात.

चाचणीच्या वेळी आईबापांनी बाहेर थांबायचं असा नियम होता. राऊत खाली चहा प्यायला गेले. बाई दाराच्या फटीशी उभी राहिली. मी पाहिलं, आणि दार आणखी जरा उघडं ठेवलं.

सर कूलरसमोर बसले, सोनलला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. घाम आलेलं मूल प्रामाणिक बोलतं असं त्यांचं एक मत होतं. कूलरची हवा स्वतःला मिळावी एवढ्यासाठी माणूस किती दूरचा विचार करतो बघा.

"चहात साखर घातल्यावर ती कशाने ढवळतात?"

"चम्मच से."

सरांनी माझ्याकडे बघून बोट आडवं केलं. शून्य.

"आपल्याला रस्त्यात दुसऱ्याचा रुमाल सापडला तर आपण काय कराल?"

पोरीने आधी मागे वळून पाहिलं, 'आपण' म्हणून कोण आलं ते. मग म्हणाली, "जिसका है उसको दे दूँगी. गंदा होगा तो पहले धो दूँगी."

शून्य.

"आई रागावली तर आपण काय करता?"

सोनलने विचार केला. रिबन पुन्हा सुटली होती, तिचं टोक बोटाला गुंडाळलं. "किचन में जाके बैठ जाती हूँ. वो खाना बनाने तो आएगी ही."

माझा पेन थांबला. एम.ए.ला आम्हाला मुलाच्या आणि आईच्या नात्यावर एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात एवढं सरळ वाक्य एकही नव्हतं.

"लिहा," सर म्हणाले. "शून्य."

असं सगळं संपेपर्यंत चाललं. पोरीने एकही प्रश्न सोडला नाही आणि सरांनी तिला एकही गुण दिला नाही. मग राऊतांना वर बोलावलं. नवरा-बायको दोन खुर्च्यांच्या टोकांवर बसले, सोनल आईच्या मांडीला टेकून उभी राहिली. सरांनी चष्मा पुसला. राऊत वऱ्हाडी, म्हणजे सर हिंदीवर.

"देखिए राऊत जी, बच्ची की स्थिति गंभीर है. मन टिकता नहीं. इसे भाषापलायन कहते हैं. मेरी राय में वातावरण बदलना चाहिए."

राऊतांनी खाली बघितलं. "मंग वर्ध्याले पाठवतो, सर. भाऊले फोन करतो आजच."

"उत्तम," सर म्हणाले.

सोनलला एवढं कळलं. तिने आईचा पदर धरला, ओढला नाही, नुसता धरला.

"काहून पाठवाची जी?" राऊतांची बायको सरांना म्हणाली. "तिले झालं काय?"

"देखिए बहन जी, बच्ची प्रश्न से भागती है."

"कोणत्या प्रश्नापासून?"

"सभी प्रश्नों से."

"तिनं तं सगळ्यायचे जवाब देल्ले. मी दाराशी उभी होती, आयकून राहिली होती."

सरांनी माझ्याकडे, मग दाराकडे पाहिलं. "जवाब दिए. पर प्रश्न मराठी में था, जवाब हिंदी में. मतलब मन भाग गया. आप नहीं समझेंगी, ये शास्त्र है."

"मले समजून राहिलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. भाजीवाल्याशी बोलतात तशी बोलली. "मी केव्हाची तुमाले मराठीत इचारून राहिली. तुमी हिंदीत सांगून राहिले. मंग तुमाले कुठं पाठवाचं?"

कूलर खडखडला. खालच्या मजल्यावरचं मशीनसुद्धा बंद पडलं. दातांचा डॉक्टर छताला कान लावून उभा असणार. सरांचं तोंड उघडलं. मराठीत बोलावं तर बाईचं म्हणणं मान्य केल्यासारखं, हिंदीत बोलावं तर सिद्ध केल्यासारखं. इंग्रजी त्यांना तेवढी येत नव्हती. एवढा बोलका माणूस, तीन भाषांच्या मधोमध, भर चौकात सिग्नल बंद पडल्यासारखा उभा. मी त्यांच्या तोंडून उपमेची वाट बघितली. आली नाही.

राऊत आधी बायकोकडे बघत राहिले, मग सरांकडे. जोडलेले हात कधी सुटले ते त्यांनाही कळलं नसावं. मग ते हसले. मोठ्याने नाही, रेल्वेत चुकीच्या डब्यात चढलेला माणूस हसतो तसे.

"पापा, वर्धा जाना है क्या?" सोनलने विचारलं.

"नाई बेटा," राऊत म्हणाले. "घरी जाऊ. शाळा दुसरी पाहू. रोज एक नवी निंघून राहिली."

"ठीक है," सोनल म्हणाली, आणि जाता जाता कपाटातल्या निळ्या बाहुलीला हात हलवला.

ते जिना उतरून गेले. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, चला, माणूस आहे शेवटी, कुठेतरी लागलं असेल. मला दया यायच्या बेतात होती. अगदी दारापर्यंत आली होती. तेवढ्यात सरांनी पायापुढची उशी बाजूला केली, चष्मा चढवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच तेज आलं जे चावऱ्या पोराच्या वेळी टेबलावरून उतरताना आलं होतं.

"नवी केस लिहून घ्या," ते म्हणाले. "मुलीची नव्हे. आईची. प्रश्नाला प्रतिप्रश्न करते. हे आनुवंशिक आहे. आपण यावर काहीतरी मोठं करू शकू. लिहिताय ना आपण?"

कडक इस्त्रीच्या मराठीत विचारलं होतं. पेन माझ्या हातात होता. मी तो टोपण लावून टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि म्हटलं, "आप ही लिख लीजिए, सर."

आणि जिना उतरले. त्यांच्या शास्त्राप्रमाणे हे शुद्ध पलायन होतं. सरांचं शास्त्र आयुष्यात तेवढं एकदाच बरोबर निघालं.